अपग्रेडनंतर आवाज बिघडला? ड्रायव्हरला हात लावण्याआधी हे करून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि ‘नंतर बघू’ म्हणत बसलेल्यांनाही विंडोज ११ वर जावं लागलं. फाइली जागच्या जागी आहेत, फोटो शाबूत आहेत, वायफाय चालू आहे. फक्त गाणं लावलं की स्पीकर तडतडतो. किंवा मीटिंगमध्ये समोरचा सारखं म्हणतो, ‘तुमचा आवाज तुटतोय.’ किंवा सगळंच चिडीचूप.

अशा वेळी ओळखीतला जो कोणी ‘कॉम्प्युटरमधला’ असतो, त्याचा सल्ला ठरलेला असतो: ड्रायव्हर काढून पुन्हा टाक. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादं उपकरण यांच्यातला दुभाषी प्रोग्राम. सल्ला वाईट नाही, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. अपग्रेडमध्ये अनेकदा ड्रायव्हर धड असतो आणि त्याच्या भोवतीची सेटिंग्ज हललेली असतात: आवाज कुठून बाहेर पडावा, त्यावर कोणते परिणाम चढवावेत, मायक्रोफोन कोणत्या अ‍ॅपला द्यावा. ड्रायव्हर आधीच उपटला तर बिघाड नेमका कुठे होता याचा मागच पुसला जातो, आणि कधी कधी चांगला चाललेला जुना ड्रायव्हर परत मिळवणं अवघड होऊन बसतं. म्हणून खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. एका वेळी एकच बदल करा, आवाज ऐका, मग पुढे जा. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच दिली आहेत.

आधी तारीख बघा, मग रीस्टार्ट करा

अपग्रेडनंतर जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये १० दिवस ठेवलेली असते. तोवर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे जाऊन ‘गो बॅक’ने मागे फिरता येतं. त्यामुळे आज कितवा दिवस आहे ते आधी मोजा. डिस्कवर जागा करायच्या नादात ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’ साफ करू नका. ते गेलं की परतीची वाट बंद.

मग मशीन रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा सुरू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. म्हणजे अडकलेला ऑडिओ ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

अपग्रेड कालच झालं असेल आणि आवाज मधूनमधूनच तुटत असेल, तर एक रात्र लॅपटॉप चार्जरला लावून चालू ठेवा. सुरुवातीला शोधसूची नव्याने बनवणं, व्हायरस तपासणी, राहिलेले अपडेट उतरवणं असं बरंच काम पाठीमागे चाललेलं असतं.

नेमकं काय बिघडलंय?

‘आवाज येत नाही’ या तक्रारीखाली चार-पाच वेगळे आजार असतात. ते वेगळे काढायला एक सोपी चाचणी आहे. मशीनवर आधीच उतरवलेलं गाणं, इंटरनेटवरचं नव्हे, लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर लावा. मग तेच वायरच्या इयरफोनवर, मग ब्लूटूथवर. शेवटी तेच इयरफोन मोबाइलला लावून पाहा.

साठवलेलं गाणं स्वच्छ आणि ब्राउझरमधला व्हिडिओ तुटक असेल तर दोष नेटचा किंवा ब्राउझरचा आहे. ब्राउझरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा आणि इथेच थांबा. फक्त ब्लूटूथवर बिघाड असेल तर थेट ब्लूटूथच्या भागाकडे जा. सगळीकडेच तडतड असेल तर मामला विंडोज किंवा ड्रायव्हरचा.

अजिबात आवाज नसेल तर

विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबा. उजवीकडे आवाजाची पट्टी उघडते आणि वर आउटपुट उपकरणांची यादी दिसते. एचडीएमआयने मॉनिटर किंवा टीव्ही जोडलेला असेल तर आवाज तिकडेच जातोय का ते आधी बघा. ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर आपल्याबरोबर एचडीएमआयचं ऑडिओ उपकरणही आणतो आणि मॉनिटर मुख्य आउटपुट होऊन बसतो. मॉनिटरला स्पीकरच नसले तरी.

याच पट्टीत खाली प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा आवाज दिसतो. एखादं अ‍ॅप शून्यावर गेलेलं असू शकतं. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर इथे सगळ्यात खाली ‘रीसेट’ बटण आहे. ते दाबलं की सगळ्या अ‍ॅपचा आवाज आणि उपकरणं मूळ पदावर येतात.

उपकरण यादीतच नसेल तर साउंडच्या पानावर खाली ‘ऑल साउंड डिव्हाइसेस’ उघडा, स्पीकरवर टिचकी द्या आणि ‘डोन्ट अलाऊ’ झालेलं असेल तर ‘अलाऊ’ करा. त्यानेही काही झालं नाही तर स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधा. तिथे ‘विंडोज ऑडिओ’ आणि ‘विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर’ अशा दोन सेवा सापडतील. दोन्हीची स्थिती ‘रनिंग’ आणि प्रकार ‘ऑटोमॅटिक’ हवा. एंडपॉइंट बिल्डरवर उजवी टिचकी देऊन रीस्टार्ट करा. त्यावर अवलंबून असलेली दुसरी सेवाही सोबत रीस्टार्ट करायची का, असं विचारलं जाईल, हो म्हणा.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपवाल्यांनी इयरफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावून पाहावा. मागे आवाज येतो आणि पुढे येत नाही, तर रिअलटेकच्या (ऑडिओ चिप बनवणारी कंपनी) अ‍ॅपमध्ये पुढच्या पॅनेलची जॅक ओळख बंद करण्याची सोय असते.

तडतड, खरखर, तुटक आवाज

हा भाग थोडा समजून घेतला तर पुढची डोकेफोड वाचते.

विंडोजचं ध्वनी इंजिन सर्वसाधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा पुढे सरकवतं. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर एका तुकड्यात ४८० नमुने. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे हे: खाली नळ अखंड चालू, आणि वर पाणी मात्र ठरावीक अंतराने चढवायचं. चढवणाऱ्याला कुणी मधेच अडवून ठेवलं की नळातून हवेचा फुसकारा येतो. तीच ती तडतड. अडवणारा बहुधा दुसराच एखादा ड्रायव्हर असतो: वायफायचा, ग्राफिक्सचा, बॅटरी व्यवस्थापनाचा. म्हणूनच ऑडिओ ड्रायव्हर तीनतीनदा टाकूनही तडतड जात नाही.

क्रमाने असं करा.

१. सेटिंग्ज, सिस्टम, साउंड इथे तुमच्या स्पीकरवर टिचकी द्या आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ ‘ऑफ’ करा. लॅपटॉप कंपन्या आवाज ‘खुलवण्यासाठी’ जी प्रक्रिया जोडतात ती इथे बंद होते. अपग्रेडनंतर जुनी प्रक्रिया आणि नवी प्रणाली यांचं पटत नाही, असं पुष्कळदा होतं. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, घुमणारा किंवा पातळ झाला असेल तरी उपाय हाच.

२. त्याच पानावर ‘फॉरमॅट’ बघा. तिथे १,९२,००० हर्ट्झसारखा मोठा आकडा दिसत असेल तर १६ किंवा २४ बिट, ४८,००० हर्ट्झ निवडा. व्हिडिओचा आवाज बहुधा याच दराचा असतो, सीडीचा ४४,१००. त्याहून वरचा दर रोजच्या ऐकण्यात फरक पाडत नाही, काम मात्र वाढवतो.

३. साउंडच्या पानावर खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा. जुन्या धाटणीची चौकट येईल. स्पीकरवर दोनदा टिचकी, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅब, आणि ‘एक्सक्लुझिव्ह मोड’खालच्या दोन्ही खुणा काढा. एखादं अ‍ॅप आवाजाचा पूर्ण ताबा घेऊन इतरांना गप्प करत असेल तर ते थांबतं. संगीत ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मात्र हा मोड लागू शकतो. त्यांनी ही पायरी फक्त चाचणीपुरती करावी.

४. सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर इथे पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा आणि चार्जर लावून ऐका. यात तडतड थांबली तर दोष वीज वाचवण्याच्या व्यवस्थेत आहे. यूएसबी हेडफोन असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ सापडलं तर तेही बंद करा. गाण्याचा फक्त पहिला अर्धा सेकंद गिळला जातो किंवा आवाज सुरू होताना ‘टक्’ होतं, तर तेही वीज वाचवण्यासाठी झोपलेली चिप जागी होण्याचंच लक्षण. त्रासदायक, पण निरुपद्रवी.

५. गाणं चालू ठेवून वायफाय बंद करा. पाच मिनिटं ऐका. मग वायफाय चालू, ब्लूटूथ बंद. फुकटची चाचणी आहे आणि बरंच काही सांगून जाते. वायफाय बंद केल्यावर आवाज स्वच्छ झाला तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर नवा करा, ऑडिओचा नाही.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते दाखवणारं ‘लेटन्सीमॉन’ हे साधन घ्या. रिस्प्लेंडन्स या कंपनीचं आहे, घरगुती वापराला मोफत. सुरू करून हिरवं बटण दाबा, गाणं लावा, दहा मिनिटं नेहमीचं काम करा. मग ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये सर्वाधिक वेळ घेणाऱ्यांची क्रमवारी लावा. वर ‘एनडीआयएस’ दिसलं तर नेटवर्क, ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स, ‘डीएक्सजीकर्नल’ म्हणजेही ग्राफिक्सचीच बाजू, ‘स्टोरपोर्ट’ म्हणजे डिस्क, ‘एसीपीआय’ म्हणजे वीज आणि बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच बसवलेला प्रोग्राम). यातल्या काही विंडोजच्याच फाइली आहेत. त्या पुसायच्या नाहीत. ते फक्त बोट दाखवतात, गुन्हेगार त्यांच्यामागचा ड्रायव्हर असतो. ‘एसीपीआय’ वर असेल तर कंपनीचं बायोस अपडेट बघावं लागतं. ते करण्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर आहे ना हे तपासा आणि ती कागदावर उतरवून ठेवा. अपडेटनंतर मशीनने की मागितली आणि ती हाताशी नसली तर आवाजाचा प्रश्न फारच किरकोळ वाटू लागेल.

आता ड्रायव्हर

स्टार्टवर उजवी टिचकी, डिव्हाइस मॅनेजर, ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’. तुमच्या उपकरणाचे गुणधर्म उघडा आणि ‘ड्रायव्हर’ टॅबमधला पुरवठादार, तारीख, आवृत्ती यांचा मोबाइलवर फोटो काढा. इथे एक गंमत दिसेल. पुरवठादार मायक्रोसॉफ्ट असेल तर तारीख बहुधा २१ जून २००६ असते. ड्रायव्हर एवढा जुना नाही. विंडोजबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरना ही तारीख मुद्दाम दिलेली आहे, म्हणजे कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर उपलब्ध असताना विंडोजने आपला पुढे रेटू नये. तेव्हा ‘तुमचा ड्रायव्हर इतक्या वर्षांचा जुना आहे’ असं घाबरवून पैसे मागणाऱ्या ‘ड्रायव्हर अपडेटर’ प्रोग्रामांना भुलू नका.

‘रोल बॅक ड्रायव्हर’ बटण जिवंत असेल तर आधी तेच दाबा. राखाडी असेल तर मागची आवृत्ती मशीनवर नाही. मग लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या सपोर्ट पानावरून विंडोज ११ साठीचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवा. थेट रिअलटेकच्या साइटवरचा कोराकरकरीत ड्रायव्हर घेण्यापेक्षा हे बरं, कारण स्पीकरची जुळणी आणि जॅकची ओळख लॅपटॉप कंपनीने त्यात भरलेली असते. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथेही काही वेळा नेमका हवा तो ड्रायव्हर पडून असतो.

रिअलटेकच्या ड्रायव्हरची दोन घराणी आहेत. जुनं घराणं ‘एचडी ऑडिओ मॅनेजर’ या खिडकीसह येतं. नवं, ‘युनिव्हर्सल’ म्हणतात ते, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या ‘रिअलटेक ऑडिओ कन्सोल’वर चालतं. अपग्रेडनंतर ड्रायव्हर एका घराण्याचा आणि खिडकी दुसऱ्याची, अशी गल्लत होते. कन्सोल उघडताच ‘सेवेशी जोडता येत नाही’ असा संदेश आला तर हीच शंका घ्या. अशा वेळी उपकरणावर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याची खूण करा, रीस्टार्ट करा, आणि मग कंपनीचा एकच संच टाका.

कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी नवं काही काढलंच नसेल तर मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर वापरून बघा. ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’, आणि यादीतून ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’. इक्वलायझर जाईल, बास थोडा कमी होईल, पण जुन्या लॅपटॉपवर तडतड जायला हा उपाय मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. अलीकडच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये स्पीकर इंटेलच्या ‘स्मार्ट साउंड’ व्यवस्थेतून चालतात. तिथे हा पर्याय दिसणारही नाही, किंवा दिसला तरी आवाज बंद पडेल. तिथे त्याच्या नादी लागू नये.

चांगला ड्रायव्हर बसल्यावर विंडोज अपडेटने पुन्हा जुनं दुखणं आणलं, तर अपडेट थोडे दिवस ‘पॉज’ करा. विंडोज ११ मध्ये ५ आठवड्यांपर्यंत तसं करता येतं.

दोष मायक्रोसॉफ्टच्या यादीतच असेल तर

काही बिघाड घरी बसून सुटतच नाहीत, कारण ते अपडेटमध्येच असतात. जानेवारी २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी १.० ऑडिओ ड्रायव्हरवर चालणारे बाहेरचे डॅक (डिजिटल आवाज स्पीकरसाठी बदलून देणारी उपकरणं) बंद पडले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १०’ आणि अपुऱ्या संसाधनांचा संदेश. वायर बदलणाऱ्यांचा वेळ वायाच गेला, दुरुस्ती पुढच्या अपडेटमधून आली. त्याआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, डिरॅक कंपनीचं ध्वनिसुधार सॉफ्टवेअर असलेल्या मशीनवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती गेली की स्पीकर आणि ब्लूटूथ दोन्ही मुके होत होते. मायक्रोसॉफ्टने अशा मशीनना अपग्रेड देणंच रोखून धरलं.

इंटेलच्या ११ व्या पिढीच्या प्रोसेसरवर ‘स्मार्ट साउंड’चे १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ हे ड्रायव्हर निळा पडदा आणत, म्हणजे विंडोज अचानक कोसळे. त्यावरचा उतारा शेवटचा आकडा ५७१४ किंवा पुढचा असलेली आवृत्ती. यात १०.३० ही १०.२९ पेक्षा नवी, असं समजायचं नाही. बघायचा तो शेवटचा भाग.

म्हणून दोन तास खपण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज रिलीज हेल्थ’ पानावर तुमच्या आवृत्तीचे ज्ञात दोष वाचा. आवृत्ती कळायला विंडोज आणि आर बटण दाबून इंग्रजीत winver लिहा. आणि तुमच्या मशीनला अपग्रेड अजून मिळत नसेल तर इन्स्टॉलेशन असिस्टंटने जबरदस्तीने घुसवू नका. रोखण्यामागे असंच एखादं कारण असू शकतं.

मायक्रोफोन, आणि तानपुरा गायब होणं

माइक पूर्ण बंद असेल तर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. तिथे ‘लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युअर मायक्रोफोन’ हे वेगळं बटण आहे. वरचं चालू आणि हे बंद असलं तरी काही अ‍ॅपना माइक मिळत नाही.

पुण्यात बसून अमेरिकेतल्या शिष्यांना गाणं किंवा तबला शिकवणाऱ्यांना मात्र वेगळाच त्रास होतो: बोलणं नीट जातं, पण मागचा तानपुरा येतो-जातो, आणि लांबवलेला षड्ज मधेच विरतो. इथे काही मोडलेलं नाही. गोंगाट दाबणारी प्रक्रिया एकसुरी, अखंड आवाजाला पंख्याची घरघर समजते, आणि तानपुऱ्याइतकं एकसुरी दुसरं काय असणार! ती तीन ठिकाणी बसलेली असू शकते आणि तिन्ही बंद करावी लागते. विंडोजमध्ये माइकच्या पानावरचे ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’. लॅपटॉप कंपनीच्या अ‍ॅपमधलं ‘एआय नॉइज कॅन्सलिंग’. आणि झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमधून ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडणं. हे बटण मग प्रत्येक वर्गात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात चालू आहे ना ते बघायचं.

कॉल सुरू होताच बाकीचे आवाज एकदम खाली जात असतील तर ‘मोअर साउंड सेटिंग्ज’मधला ‘कम्युनिकेशन्स’ टॅब उघडा. तिथे इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याचा पर्याय निवडलेला असतो. ‘डू नथिंग’ करा.

ब्लूटूथ

आधी जोडणी पूर्ण काढून टाका आणि हेडफोन नव्याने जोडा. जुनी नोंद अपग्रेडमधून आलेली असते आणि तीच अडते. गाणी छान आणि कॉल सुरू होताच आवाज जुन्या लँडलाइनसारखा झाला, तर तो बिघाड नाही. नेहमीच्या ब्लूटूथवर स्टिरिओ ऐकण्याची आणि माइकसह बोलण्याची वाट वेगळी आहे. दुसऱ्या वाटेवर आवाज एकेरी आणि अरुंद होतो. उपाय साधा: ऐकायला हेडफोन, इनपुटला लॅपटॉपचा माइक.

एवढं करूनही हटत नसेल तर

स्टार्टमध्ये ‘गेट हेल्प’ उघडून ऑडिओचं निदान एकदा चालवा. त्याच्याकडून फार अपेक्षा नाही, पण दोन मिनिटांचं काम आहे. प्रणालीच्या फाइलींची ‘डीआयएसएम’ आणि ‘एसएफसी’ तपासणी सगळेच सुचवतात. इतर गोष्टीही बिघडल्या असतील तरच तिचा उपयोग, नुसत्या आवाजासाठी क्वचितच.

निर्णायक चाचणी वेगळी आहे. पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून मशीन त्यावरून सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा. डिस्कवर काही बसवू नका. तिथेही तोच स्पीकर तसाच तडतडला तर जॅक, स्पीकर किंवा बोर्ड यांचा दोष, आणि अपग्रेडशी गाठ निव्वळ योगायोगाची. तिथे स्वच्छ वाजला तर हार्डवेअर धड आहे. १० दिवस उलटले नसतील तर ‘गो बॅक’ करा आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर येईपर्यंत थांबा. मात्र विंडोज १० चे सुरक्षा अपडेट आता वाढीव योजनेत नाव नोंदवल्याशिवाय मिळत नाहीत, तेव्हा ती नोंदणीही करा.

मागे जाता येत नसेल आणि उद्या सकाळी वर्ग किंवा मुलाखत असेल, तर काही शे रुपयांचं यूएसबी साउंड अडॅप्टर आणा. ते विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतं, रिअलटेकशी त्याचा संबंध नसतो. लावल्यावर विंडोज, कंट्रोल, व्ही दाबून आउटपुट त्यावर वळवा, साउंडच्या पानावर इनपुटही तेच निवडा, आणि मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये स्पीकर-माइक पुन्हा एकदा तपासा. काही अ‍ॅप विंडोजचं न ऐकता जुनंच उपकरण धरून बसतात.